दोन मॅनिफोल्ड, एक गॅस्केट

कल्याण–शीळ रस्त्यावरचे 'प्रीमियर मैदान' डोंबिवलीकरांना सभा-मेळाव्यांमुळे ठाऊक असते. हे नाव एका मोटार कारखान्याचे आहे, हे मात्र विद्यार्थ्यांना सांगावे लागते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा मुख्य कारखाना कुर्ल्याला, पद्मिनी तिथली. डोंबिवलीजवळचा हा दुसरा. कंपनी त्याला 'कल्याण' म्हणे (डोंबिवलीकरांना हे नवे नाही!).

१९८०च्या दशकाच्या मध्यावर आलेली '११८ एनई' ही मोटार या कारखान्याची ओळख ठरली. सांगाडा इटलीच्या फियाट १२४चा आणि इंजिन जपानच्या निसानचे, ११७१ घन सेंटिमीटरचे. आम्हाला इथे रस आहे तो त्या इंजिनाच्या एका बाजूत. मॅनिफोल्ड म्हणजे फाटे फुटलेली ओतीव नळी. एक कार्ब्युरेटरमधून पेट्रोल-हवेचे मिश्रण आत नेते, दुसरी जळालेला वायू सायलेन्सरकडे सोडते. या इंजिनात दोन्ही एकाच बाजूला, एकमेकींना बोल्टने जखडलेल्या.

गरम आणि थंड नळ्यांची अशी जोडी का लावली? तळहातावर स्पिरिट टाकले की गार लागते, तसेच पेट्रोलची वाफ होताना नळी गार पडते आणि थेंब भिंतीला चिकटतात. खालच्या धुराची उष्णता ते थेंब उडवते.

पण उष्णतेबरोबर प्रसरणही येते. बिडाचा मॅनिफोल्ड ४० सेंटिमीटर लांब आणि ४०० अंशांनी तापला असे धरा. प्रसरणांक ०.००००११ घेतला, तर वाढ सुमारे पावणेदोन मिलिमीटर होते. अॅल्युमिनियमचे हेड पाण्याने थंड राहते. ७० अंशांच्या वाढीला ते जेमतेम ०.६ मिलिमीटर वाढते. हा गुणाकार वर्गात अवश्य करून घ्यावा. म्हणजे मॅनिफोल्डला स्टडवर थोडे सरकता आले पाहिजे.

जुनी गाडी दुरुस्त करताना चूक होते ती इथेच. दोन्ही मॅनिफोल्ड आधी एकमेकांना घट्ट आवळले, तर त्यांची तोंडे एका पातळीत येत नाहीत. एखादे तोंड उघडे राहते, इंजिन 'एअर घेते', मिसिंग सुरू होते. मग मेकॅनिक बिचाऱ्या कार्ब्युरेटरला दोष देतो. नट जोराने ओढले की बीड तडकते. म्हणून इंजिन थंड असताना दोन्ही पृष्ठभाग साफ करावेत, पट्टी लावून सपाटी पाहावी, नवे गॅस्केट घालावे. मधले बोल्ट सैल ठेवून जोडी हेडवर बसवावी. हेडचे नट मध्यापासून बाहेर, थोडे थोडे, आवळावेत. मधले बोल्ट सर्वांत शेवटी. इंजिन एकदा तापून थंड झाले की नट पुन्हा तपासावेत.

१९९०च्या दशकात याच कारखान्यात प्यूजो ३०९ बनू लागली. तिच्या पेट्रोल इंजिनात मिश्रण एका बाजूने आत, धूर दुसऱ्या बाजूने बाहेर. पण दशक संपण्याआधीच तिचे उत्पादन थांबले. पुढे ११८ एनईही बंद झाली. बिडाला वेल्डिंग सहजासहजी धरत नाही. त्यामुळे तडकलेल्या मॅनिफोल्डचा जोडीदार आता कुर्ल्याच्या सी.एस.टी. रस्त्यावर, भंगारात काढलेल्या गाड्यांतच शोधावा लागतो.