धूळपाटी ते दुरेघी

‘ओनामा’, ‘धुळाक्षरं’, ‘कित्ता गिरवणं’ हे शब्द आपण सहज वापरतो. तिन्ही लहान मुलांच्या अक्षरसरावातून आलेत. पंतोजींच्या शाळेत पाटीवर बारीक धूळ पसरून मूल काडीने अक्षरं काढायचं. चुकलं की वरून हात फिरवायचा, पाटी पुन्हा कोरी. सुरुवात ‘ॐ नमः सिद्धम्’ने व्हायची, त्याचाच ‘ओनामा’ झाला. हात बसला की बोरू आणि शाई. पंतोजी वर एक ओळ काढून देत, तो कित्ता. मुलाने खाली तशीच उतरवायची.

पण बीडमध्ये गिरवायची तरी कोणती लिपी?

पोथी बालबोधीत, म्हणजे देवनागरीत. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी ‘पंचीकरण’ लांबलचक कापडावर लिहिलं, ती प्रसिद्ध ‘पासोडी’. शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या जांबच्या रामदासांनी तर दासबोधाच्या १९व्या दशकाचा पहिला समासच लेखनाला दिला. अक्षर गोल, सुटं हवं आणि ग्रंथाच्या शेवटीही पहिल्या पानासारखंच दिसायला हवं, असा त्यांचा आग्रह.

हिशेब, पत्रं, खरेदीखतं मात्र मोडीत. मोडीत आधी आडवी शिरोरेषा ओढायची, मग हात शक्यतो न उचलता खाली अक्षरं. शब्दांमध्ये जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. लिहायला वेगवान, वाचायला सवयीची. त्यात बीड निजामाच्या राज्यात, तिथे सरकारी भाषा उर्दू, म्हणजे उजवीकडून डावीकडे. एकाच घराच्या पेटीत तीन वळणांचे कागद असू शकत होते.

१७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ला मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६०ला महाराष्ट्रात. शाळेत एक लिपी उरली. मुलांसाठी हे चांगलंच झालं. पण दोन पिढ्यांनी मोडी गिरवली नाही आणि पणजोबांचं हस्ताक्षर घरातच परकं झालं.

याची किंमत २०२३मध्ये दिसली. कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली. मराठवाड्यातले निजामकालीन दस्त बाहेर निघाले आणि मोडी, उर्दू जाणणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. कुणाला कोणता दाखला मिळणार, हे जुन्या बोरूच्या एका ओळीवर येऊन थांबलं.

माझं काम सॉफ्टवेअरचं, म्हणून सांगतो: मोडी २०१४मध्ये युनिकोडमध्ये आली. आता ती टाइप करता येते. पण युनिकोड प्रत्येक अक्षराला एक क्रमांक देतं, एवढंच. घाईत लिहिलेला, शाई फुटलेला दस्त त्याने वाचता येत नाही. त्यासाठी अक्षराचं वळण ओळखीचं लागतं आणि ते हाताने गिरवूनच डोळ्यांत बसतं.

आज मुलं दुरेघी वहीत ‘अ’ गिरवतात, तेव्हा तीही हीच सवय लावून घेत असतात. घरी मोडीतला कागद असेल, तर तो रद्दीत देण्याआधी एक वही आणा. मूळाक्षरांचा तक्ता सहज मिळतो. कित्ता तर पेटीतच आहे.