हेन्रिएटाबाईंची गाठ

आज जरा लांबची गोष्ट सांगते, अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराची.

1951 च्या जानेवारीत हेन्रिएटा लॅक्स ही पाच लेकरांची आई जॉन्स हॉपकिन्स दवाखान्यात गेली. वय तीस. आत गाठ लागते, हे तिचं तिनेच ओळखलं होतं. काळ्या लोकांसाठी तिथे वॉर्ड वेगळा. गर्भपिशवीच्या तोंडावर गाठ दिसली, तुकडा तपासला, कॅन्सर निघाला. रेडियम ठेवलं, किरणं दिली. तरी आजार झपाट्याने पोटभर पसरला आणि 4 ऑक्टोबरला ती गेली.

वीस वर्षांनी, 1971 मध्ये, डॉक्टरांनी तिच्या त्या तुकड्याच्या काचा पुन्हा पाहिल्या. आधी नोंदवलेला प्रकार चुकला होता. पिशवीच्या तोंडाला बाहेरून चपट्या पेशींचं अस्तर असतं, बहुतेक कॅन्सर तिथला. आतल्या नळीत चिकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी असतात. हेन्रिएटाचा कॅन्सर या ग्रंथींचा होता. तेव्हा दोन्हींना उपचार एकच, त्यामुळे नाव बरोबर लिहिलं असतं तर ती वाचली असती, असं काही नाही. पण हा आजार नळीत दडून वाढतो, पॅप तपासणीतून निसटतो आणि पुढे गेला की उपचारांना कमी दाद देतो.

तिच्या पेशी तिला न विचारताच घेतलेल्या. त्या प्रयोगशाळेत वाढतच राहिल्या, पोलिओची लस तपासायला वापरल्या गेल्या. घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नाही! आपल्या गटात सहीशिवाय शंभर रुपये उचलता येत नाहीत.

पुढे 1980 नंतर जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या गटाला एचपीव्ही 18 हा विषाणू सापडला, तो याच पेशींतही निघाला. ग्रंथींच्या कॅन्सरमागे हा 18 नंबरचा बऱ्याचदा असतो. त्सुर हाउझेन यांना 2008 मध्ये नोबेल मिळालं.

याचा धागा आपल्याकडे पोचतो. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1 लाख 31 हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, 2009 मध्ये निकाल आला. एकदाच एचपीव्ही चाचणीची सोय झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी नसलेल्या गटापेक्षा, जवळपास निम्मे झाले.

शिबिरात व्हिनेगर लावून बघतात, ते चांगलंच. पण नळीच्या आतलं डोळ्याला दिसत नाही. म्हणून तपासणी साफ आली तरी दोन पाळ्यांच्या मध्ये, संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्त दिसलं, तर पुन्हा जा आणि 'नळीतलं तपासलं का?' असं विचारा.