यादीबाहेरचे अपराजित

1972 साली मुंबईत ‘दलित पँथर’ उभी राहिली, ती अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’चे नाव घेऊन. तेव्हापासून तिथल्या कृष्णवर्णीयांची कविता आणि आत्मकथने आपल्या चर्चेत आहेत. त्यांच्या खेळाचा इतिहास मात्र क्वचितच चर्चेत येतो. घरातला पहिला पदवीधर आणि इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. ‘गुणवत्ता’ ह्या शब्दाची चिकित्सा तिथे आकड्यांनिशी करता येते.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन प्रतिपक्षाची फळी फोडण्याचा तो खेळ आहे. महाविद्यालयीन संघांच्या सर्वोच्च गटात राष्ट्रीय विजेता दीर्घकाळ मैदानावर ठरतच नसे. संघ पुष्कळ आणि प्रत्येकाचे सामने दहा-अकरा, म्हणून पहिला कोण हे मतांनी ठरे. असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने 1936 पासून क्रीडापत्रकारांच्या मतांवर क्रमवारी लावली. 1950 पासून प्रशिक्षकांची वेगळी क्रमवारी निघू लागली. मतदार वेगळे, म्हणून कधी कधी विजेतेही वेगळे. त्यातून न संपणारे वाद निर्माण झाले.

1961 चे उदाहरण घ्या. अलाबामा विद्यापीठ अपराजित राहिले. पत्रकार आणि प्रशिक्षक ह्या दोघांनीही त्याला पहिले ठरविले. फुटबॉल-लेखकांच्या संघटनेने मात्र ओहायो स्टेटला निवडले. वाद झाला तो ह्या दोघांत. शेजारच्या राज्यातील फ्लोरिडा ए अँड एम ह्या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचा, जेक गेदर यांनी घडविलेला संघ त्याच वर्षी दहाच्या दहा सामने जिंकला. तो ह्या वादात कुठेच नव्हता. दक्षिणेतील गोऱ्या विद्यापीठांचे संघ कृष्णवर्णीयांच्या संघांशी खेळत नसत. सामना नाही म्हणून तुलना नाही आणि तुलना नाही म्हणून क्रमांक नाही. आधी शिवायचे नाही आणि मग ‘तुम्ही आमच्या बरोबरीने कधी खेळलात?’ असे विचारायचे, ही युक्ती आपल्या चांगल्या ओळखीची आहे. कृष्णवर्णीय संघांचा विजेता ‘पिट्सबर्ग कुरियर’सारखी त्यांचीच वृत्तपत्रे जाहीर करीत.

1966 साली अलाबामाने पुन्हा सर्व सामने जिंकले, पण त्यांना तिसरे स्थान मिळाले. नोत्र दाम आणि मिशिगन स्टेट यांचा परस्परांतील सामना 10-10 असा बरोबरीत सुटला होता, तरी तेच पहिले आणि दुसरे ठरले. आपला हक्क हिरावला गेला, असे अलाबामाचे समर्थक आजही म्हणतात. केवळ गोऱ्यांच्या संघाला मोजावी लागलेली ती किंमत होती, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे. हा वाद अवश्य घालावा. पण त्या संघात तेव्हा एकही कृष्णवर्णीय नव्हता आणि टेक्साससारख्या दक्षिणेकडील राज्यातला बब्बा स्मिथ दूर उत्तरेत मिशिगन स्टेटकडून खेळत होता, हे विसरून तो घालता येणार नाही.

ह्याहून बोलकी गोष्ट 1941 ची. त्या मोसमात अलाबामा दोन सामने हरले आणि पत्रकारांच्या क्रमवारीत विसावे आले. तरीही एका गणिती पद्धतीच्या आधारे ते वर्ष विद्यापीठ आपल्या राष्ट्रीय विजेतेपदांत मोजते. दोन पराभव पदरी असलेल्याला दावा सांगता येतो आणि एकही पराभव नसलेल्याचे नावही निघत नाही! वाद घालता येणे हासुद्धा एक अधिकार आहे, आणि तो यादीत असलेल्यांनाच मिळतो.

मैदान खुले झाले तेव्हा काय घडले? 1969 साली गेदर यांच्या संघाने टॅम्पा विद्यापीठाच्या गोऱ्यांचे प्राबल्य असलेल्या संघाला 34-28 असे हरविले. दक्षिणेतील असा हा पहिला सामना. 1978 मध्ये राष्ट्रीय क्रीडा संघटनेने एक नवा, दुसऱ्या पायरीचा गट काढला आणि त्याचा विजेता मतांऐवजी सामन्यांनी ठरविला. पहिल्याच वर्षी फ्लोरिडा ए अँड एमने मॅसॅच्युसेट्सला 35-28 असे नमवून ते विजेतेपद घेतले.

1961 चा संघ अलाबामाला हरवू शकला असता का, हे कोणालाच सांगता येणार नाही. कारण तो सामना होऊच दिला गेला नाही. म्हणून क्रमवारी हाती आली की पहिला कोण हे पाहण्याआधी मतदार कोण होते आणि मैदानाबाहेर कोणाला ठेवले होते, हे विचारावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगतो.