जत्रेचा सिनेमा आणि झिजलेला दाता

देवदर्शन आटोपले, प्रसाद घेतला, की रात्री पावले सिनेमाच्या तंबूकडे वळत. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या यात्रेसारख्या घाटावरील मोठ्या यात्रांत हा क्रम कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पडला होता. तंबूच्या मागच्या बाजूस उभ्या असलेल्या ट्रकमधून प्रकाशाचा झोत लोकांच्या डोक्यावरून पडद्यावर जाई, आणि त्या झोताच्या उगमापाशी हातमागासारखा एकसारखा खडखडाट चाले. प्रेक्षकांपैकी मागे वळून पाहणारे थोडेच. पाहिलेच तर ते चित्र तुटल्यावर ओरडा करण्यापुरते. चित्रपटाचा इतिहास लिहिणाऱ्यांनीही नटनट्यांची नावे घेतली, दिग्दर्शकांची घेतली. त्या खडखडाटाकडे मात्र फारसे लक्ष दिले नाही. आम्हांस आज त्याच्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

अंबाबाईच्या दर्शनास जाणाऱ्या आमच्या वाचकांना कोल्हापूर काही नवे नाही. त्याच गावी बाबूराव पेंटर, म्हणजे मूळचे बाबूराव कृष्णराव मिस्त्री, आणि त्यांचे बंधू आनंदराव हे नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत असत. हातात रंगाचा कुंचला, परंतु घराणे कारागिरांचे. चित्रपटाचे वेड लागल्यावर या बंधूंनी प्रथम चित्रे दाखविण्याचे यंत्र मिळविले आणि मग चित्रे घेण्याचे यंत्र आपणच घडवावे असा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. पुढे बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पुरा केला, आणि त्यावर घेतलेला 'सैरंध्री' १९२० साली पुण्यात झळकला. या दोन यंत्रांचे नाते सख्ख्या भावंडांचे आहे. दोहोंतही फीत क्षणभर थांबवावी लागते, पुन्हा नेमकी एका चित्राइतकीच पुढे ओढावी लागते. एक यंत्र खोलून ज्याला हे उमगले त्याला दुसरे अगदीच परके राहत नाही. याच दामल्यांनी पुढे फत्तेलाल यांच्यासह १९३६ चा 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला, हे वाचकांस ठाऊक असेलच.

ही थांबविण्याची आणि ओढण्याची किमया एका लहानशा पोलादी चाकात असते. त्याला चार खाचा असल्याने ते फुलीसारखे दिसते. ऑपरेटर मंडळी त्याला क्रॉस म्हणतात. शेजारच्या चकतीवरील खुंटी दर फेऱ्यास एका खाचेत शिरते आणि क्रॉसला पाव फेरा देऊन बाहेर पडते. क्रॉसच्याच दांड्यावर सोळा दात्यांचे चाक बसविलेले असते. पाव फेऱ्यात चार दाते सरकतात; फितीवर एका चित्रामागे चार छिद्रे, म्हणजे बरोबर एक चित्र पुढे येते. बोलपटात सेकंदास चोवीस चित्रे. एका तासात हा हिसका ८६,४०० वेळा बसतो, आणि तीन तासांचा एक खेळ म्हटला म्हणजे अडीच लाखांवर! पोलाद झाले म्हणून काय झाले?

झीज होते ती दात्याच्या एकाच अंगास, कारण छिद्राची कड तो नेहमी त्याच अंगाने रेटतो. हळूहळू तेथे खोबण पडते आणि दाता आकड्यासारखा वाकडा होतो. मग फीत त्याला सहजी सोडीत नाही. टक् टक् आवाज येऊ लागतो आणि छिद्रांच्या कडा चिरतात. नवे चाक परदेशाहून मागवायचे म्हणजे पैसा आणि वाट पाहणे, दोन्ही आले. यावर जुन्या जाणत्यांची युक्ती अशी की, रचना परवानगी देत असेल तर चाक दांड्यावरून काढून उलटे बसवावे. आता न झिजलेले अंग कामाला लागते. खर्च काही नाही. मात्र ही युक्ती एकदाच चालते. कानशीने आकडा घासून टाकणारेही असत. पण त्याने दाते बारीक होतात आणि चित्र डुलू लागते.

दांड्याखालचा बुश झिजला तर गावचा लेथवाला जुन्या बुशाच्या मापाने नवा कातून देई. फीत ज्या दोन पोलादी पट्ट्यांवरून घसरते त्यांत चर पडले, तर सपाट काचेवर एमरी कागद पसरून त्यावर पट्ट्या घासून सारख्या करीत. नव्या फितीचा मसाला पट्टीवर थिजून बसे. तो तांब्याच्या तुकड्याने खरवडावयाचा, चाकूने कधीच नाही, कारण पोलादावर ओरखडा पडला की तो पुढच्या प्रत्येक फितीवर उमटणार.

हे सारे स्वस्त होते, परंतु बेपर्वाईचे नव्हते. फितीवरील चित्र सुमारे २१ मिलिमीटर रुंद असते. वीस फुटी पडद्यावर ते जवळजवळ २९० पटींनी मोठे होते. यंत्रात मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा ढिलेपणा राहिला तरी पडद्यावरील संत इंचभराहून अधिक थरथरतात. म्हणूनच शहाणा मिस्त्री पट्टे, पट्ट्या, बुश यांना हात घाली आणि क्रॉस जाणत्याकडे सोपवी.

एक काटकसर मात्र आमच्या मते निव्वळ पाप होती. चित्र उडू लागले की आळशी ऑपरेटर दुरुस्ती न करता गेटची स्प्रिंग आवळी. पैही खर्च न होता चित्र स्थिर होई. पण ताण वाढल्याने दाते दुप्पट वेगाने झिजत आणि मार बसे तो फितीला. यंत्र एका मालकाचे असते, फीत मात्र गावोगाव फिरावयाची असते. या गावी चिरलेली छिद्रे पुढच्या गावी तुटत, तेथे ती कापून जोडली जात, आणि दर जोडास काही चित्रे कायमची नाहीशी होत. 'सैरंध्री' आज पाहावयास मिळत नाही. त्या काळच्या फितींच्या थोड्याच प्रती असत, हे लक्षात घेतले म्हणजे एका वाकड्या दात्याचे मोल कळून येते.

या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत चित्रपट संगणकीय रूपाने येऊ लागले आणि ही यंत्रे वजनावर भंगारात गेली. २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखविलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात महाराष्ट्रातील फिरत्या सिनेमाचे हे अखेरचे दिवस टिपले आहेत. त्यात यंत्रे दुरुस्त करण्यात उभा जन्म घालविलेला एक कारागीरही भेटतो. एखाद्या देवस्थानाच्या कोठीत किंवा जुन्या सभागृहाच्या माळ्यावर असे यंत्र पडून असेल, तर ते विकण्यापूर्वी एवढे करावे: वीज न जोडता, थिजलेले वंगण पुसून, नवे तेल देऊन ते हाताने सावकाश फिरवावे. अडले तर जोर करू नये. सोबत १९५० पूर्वीची फीत असेल तर ती दिव्यापासून व उन्हापासून दूर ठेवावी, कारण जुनी नायट्रेटची फीत भडकन पेटते. मग भिंग घेऊन मधल्या चाकाचे दाते पाहावेत. दोन्ही अंगांना खोबण दिसली, तर ते चाक कोणीतरी एकदा उलटे बसविले होते असे समजावे.