कूतच्या वाटेवरची बिऱ्हाडं

नायक यशवंत घाडगे हे नाव आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. माणगावला त्यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची पलटण होती पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन. 1922 च्या फेररचनेआधी हीच पलटण 110 वी मराठा लाइट इन्फंट्री म्हणून ओळखली जाई, आणि 1916 साली ती मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, शत्रूच्या कैदेत पडली होती. ही दुसरी गोष्ट मला शाळेत कधी भेटली नाही.

पहिल्या महायुद्धात सहावी पूना डिव्हिजन तिकडे गेली. तिच्यात 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. शिपाई बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे, शेतकरी घरांतले. नोव्हेंबर 1914 मध्ये बसरा, डिसेंबरमध्ये कुर्ना, जून 1915 मध्ये अमारा, सप्टेंबरअखेर कूत. नकाशावर हा विजयाचा बाण दिसतो. शिपायाच्या दृष्टीनं मात्र दर खेपेला बिऱ्हाड उचलायचं आणि नव्या जागी खंदक, चूल, पाणी पुन्हा पहिल्यापासून मांडायचं.

पुढे जायला ना पक्का रस्ता होता ना आगगाडी. होती फक्त तैग्रिस नदी. पुराच्या दिवसांत सगळा मुलूख पाण्याखाली. मे 1915 च्या अखेरीस कुर्न्याच्या पुढे शिपाई 'बेलम' नावाच्या अरुंद होड्या लांब काठ्यांनी ढकलत लढाईला गेले. मग उन्हाळा आला. तंबूतली भट्टी, माश्या, ताप, हगवण. पूर ओसरल्यावर नदी इतकी आटे की आगबोटी गाळात रुतत. पीठ, डाळ, तूप, दारूगोळा, औषधं हे सगळं त्याच मोजक्या बोटींवर यायचं आणि जखमीही त्याच बोटींनी परत जायचे. सैन्य जितकं पुढे सरके, तितकी बोटीची प्रत्येक खेप लांबे. बोटी मात्र पुरेशा वाढल्या नाहीत.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. एखादी चालू यंत्रणा दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची असेल, तर आमच्याकडे पहिला प्रश्न विचारतात, 'बिघडलं तर मागे यायची वाट काय?' बगदादकडे निघताना हा प्रश्न वरच्यांनी नीट विचारला नाही. नोव्हेंबर 1915 मध्ये टेसिफोनला मोठी हानी झाली. जखमींना धक्के खात, साध्या गाड्यांवर घालून नदीपर्यंत आणलं. सैन्य 3 डिसेंबरला कूतला परतलं आणि 7 डिसेंबरपासून वेढ्यात अडकलं.

147 दिवस. पीठ आठवड्यागणिक कमी होत गेलं. घोडे मारून मांस वाटलं जाऊ लागलं, पण अनेक हिंदी शिपायांनी ते बराच काळ नाकारलं. ताज्या भाजीअभावी स्कर्व्ही पसरला, तेव्हा शिपाई आसपासचा रानपाला खुडून शिजवत. पनवेलच्या बाजारात पावसाळ्यात टाकळा, कुर्डूच्या जुड्या दिसल्या की मला ते आठवतात. पाला खाण्याजोगा कोणता, ही जाण त्यांनी गावाहूनच नेली असणार. एप्रिलमध्ये विमानांतून पोती टाकली गेली, ती पुरेना. 29 एप्रिल 1916 रोजी सुमारे 13,000 माणसं शरण गेली. त्यांत लढणारे होते, तसेच पाणक्ये, स्वयंपाकी, खेचरवाले, डोलीवालेही होते. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत हजारो मेले.

ब्रिटिश सरकारनं चौकशी आयोग नेमला. 1917 च्या त्याच्या अहवालानं वाहतूक आणि वैद्यकीय व्यवस्थेची अनास्था उघडी पाडली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. शिपाई शौर्यात कमी पडले नव्हते. त्यांच्यामागे पुरेशा बोटी नव्हत्या.

आज आपल्या तळोज्यात द्रुत कृती दलाचा तळ आहे. आदेश येताच सामान बांधणारी माणसं आपल्या शेजारीच राहतात. तेव्हा हा विषय इतिहासाच्या पुस्तकापुरता नाही.

मित्रमैत्रिणींनो, एक विनंती. आपल्यापैकी कितीतरी घरं माणगाव, महाड, पोलादपूर, खेडहून इथे आली. पणजोबांच्या ट्रंकेत एखादं जुनं पदक असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. त्या युद्धाच्या पदकांवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. 'ब्रिटिश वॉर मेडल' चांदीऐवजी ब्रांझचं असेल, तर ते बहुधा खेचरवाल्याचं किंवा पाणक्याचं. पदक घासूनपुसून चकचकीत करू नका, अक्षरं झिजतात. फोटो काढा, नाव लिहून घ्या आणि शाळेच्या ग्रंथालयात एक प्रत द्या. घाडग्यांचा पुतळा आहे. इतरांची नावं निदान एका वहीत तरी असावीत.