मेज केवढं हवं? संगणकाच्या स्मृतीचा इतिहास आणि निवड

उत्रोलीतल्या या व्याख्यानाची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. दोन वर्षांपूर्वी मुलांच्या अभ्यासिकेतला जुना संगणक फार रखडत चालायचा. वर्गणी जमली, आणि रॅम आणायचं काम आमच्याकडे आलं. आम्ही दुकानात जाऊन 'नव्यातली नवी द्या' म्हणालो. पट्टी मिळाली डीडीआर-४ ची, आणि बोर्ड होतं डीडीआर-३ चं. खाच जुळेना. आम्ही अंगठ्यानं जोर लावला आणि खोबणीची कडच तुटली. तत्त्वज्ञानातली डॉक्टरेट तिथे काही कामाला आली नाही! आता त्याच अभ्यासिकेसाठी नवा संगणक जोडायचा आहे. पैसा पुन्हा लोकांचाच. म्हणून या वेळी आधी थोडा इतिहास वाचला.

आमचा घोटाळा 'स्मृती' या शब्दापासूनच सुरू झाला होता. न्यायशास्त्रात स्मृती संस्कारातून उपजते. अनुभव संपला तरी संस्कार मागे राहतो. रॅमचं उलट आहे. वीज गेली की पाटी कोरी. मग ही कसली स्मृती?

उत्तर आपल्या भोरमध्येच सापडतं. हे संस्थान पंतसचिवांचं. शिवकाळात सचिव म्हणजे सुरनीस. राजपत्रं तपासायची आणि हिशेब पाहायचे हे त्याचं काम. कुठलाही जुना दप्तरखाना डोळ्यांसमोर आणा. कागदांचे रुमाल ढिगानं बांधून ठेवलेले, पण कारकुनाच्या मेजावर एका वेळी मावतात ते चारदोन कागद. संगणकातली डिस्क म्हणजे दप्तरखाना, आणि रॅम म्हणजे ते मेज. मेज लहान पडलं की कारकुनाच्या खेपा वाढतात. आमचा संगणक रखडत होता तो यामुळे.

हे मेज घडलं कसं? १९५५ साली कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत देशातला पहिला संगणक आला. त्याची स्मृती म्हणजे फिरता चुंबकी ढोल. हवा तो आकडा फिरत समोर येईपर्यंत थांबायचं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं मात्र स्वतःचा संगणक बांधला. रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालचं हे यंत्र १९६० मध्ये चालू झालं, आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याला 'टिफ्रॅक' नाव दिलं. त्यात ढोलाऐवजी फेराइटची बारीक कडी होती, तारांच्या जाळ्यात ओवलेली. एका कडीत एक बिट. कुठलीही कडी गाठा, वेळ सारखाच. रॅम या नावातली मेख हीच, बरं का!

टिफ्रॅकमध्ये ४० बिटांचे २०४८ शब्द मावत. गुणाकार करा: ८१,९२० बिट, म्हणजे फक्त १० किलोबाइट. आजची ८ जीबीची पट्टी त्याच्या आठ लाख पटींहून मोठी आहे. तेवढ्या जागेत काम बसवायचं म्हणून ती माणसं आधी काम मोजत, मग प्रोग्राम लिहीत. आम्ही दुकानात नेमकं हेच विसरलो.

आणखी एक गंमत. ती कडी वीज गेली तरी विसरत नसत. १९६६ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांना निराळी युक्ती सुचली: एक ट्रान्झिस्टर, एक कपॅसिटर, आणि त्यात एक बिट. कपॅसिटर गळका, म्हणून सेकंदात कितीतरी वेळा तो पुन्हा भरावा लागतो. पण जागा कमी आणि किंमत कमी. १९७० मध्ये इंटेलची ११०३ ही चिप बाजारात आली आणि हळूहळू कडी मागे पडली. जगानं विसरभोळी पण स्वस्त स्मृती निवडली. आपली आजची पट्टी तिचीच वंशज.

आता निवडीकडे येऊ. पहिला प्रश्न बोर्डाचा. डीडीआर-४ आणि डीडीआर-५, दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी आणि व्होल्टेजही वेगळं. म्हणून आधी बोर्डाचं मॅन्युअल पाहायचं.

दुसरा प्रश्न कामाचा. टायपिंग आणि व्याख्यानं पाहणं यांना ८ जीबी बहुधा पुरतं. पण आपल्याला गावातले जुने मोडी कागद स्कॅन करायचे आहेत. ए-४ आकाराचं रंगीत पान ६०० डीपीआयनं स्कॅन करून उघडलं की मेजावर सुमारे १०० एमबी जागा खातं. दहा पानं उघडली की एक जीबी गेलं. म्हणून आम्ही १६ जीबी ठरवलं आहे, तेही ८-८ च्या जोडीनं. दोन पट्ट्या मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या खोबण्यांत बसवल्या की माहिती दोन वाटांनी येते-जाते.

वेगाच्या आकड्यानंही भुलू नका. ३२०० वेगाची, सीएल १६ ची डीडीआर-४ घ्या किंवा ६००० वेगाची, सीएल ३० ची डीडीआर-५ घ्या. सीएलचा हिशेब मांडला तर पहिला आकडा हाती यायला दोन्हीकडे १० नॅनोसेकंदच लागतात. नवीचा फायदा पुढच्या प्रवाहात, आणि तोही बोर्ड-प्रोसेसरला पेलला तर.

पट्ट्या बसवल्यावर मेमटेस्ट रात्रभर चालवायची आणि पावती जपून ठेवायची. या वेळी पट्ट्या अभ्यासिकेतली मुलं बसवतील. आम्ही शेजारी बसून मॅन्युअल वाचून दाखवू. खाच जुळली नाही तर कुणीही जोर लावायचा नाही, एवढं मात्र आम्ही अनुभवानं सांगू शकतो.