ब्लेंडर आणि बदलत्या हातसवयी

नेदरलँड्समधल्या निओजिओ या ॲनिमेशन स्टुडिओत टोन रोझेंडाल यांनी १९९४च्या सुमारास एक त्रिमितीय ॲनिमेशनचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच ब्लेंडर. पुढे त्याच्या विकासासाठी निघालेली कंपनी २००२मध्ये बुडाली, तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत १ लाख युरो जमवून त्याचे हक्क सोडवून घेतले. १३ ऑक्टोबर २००२ रोजी सोर्स कोड सर्वांसाठी खुला झाला. मध्ये बरीच वर्षे खंड पडलेल्या कलावंताला आज ॲनिमेशनच्या कामाकडे परत वळता येते, त्याचे मोठे श्रेय या घटनेला द्यावे लागेल. परवाना घ्यावा लागत नाही, वर्गणीही नाही.

अडचण येते ती हाताची. ब्लेंडर मुळात स्टुडिओतल्या माणसांनी स्वतःच्या कामासाठी घडवलेला असल्याने त्याचा सारा भर वेगावर होता: एक हात माउसवर, दुसरा कीबोर्डवर. वस्तू हलवायला जी, फिरवायला आर, लहानमोठी करायला एस, कीफ्रेम टाकायला आय. वस्तू निवडायची मात्र माउसच्या उजव्या बटणाने. नवख्याला हे विचित्र वाटे. पण एकदा बोटांत बसले की विसरणे कठीण.

२.५ मालिकेत पडद्याची मांडणी मुळापासून बदलली. हालचालीच्या वक्ररेषा ज्या जुन्या खिडकीत घडवत, तिच्या जागी ग्राफ एडिटर आला आणि जवळजवळ प्रत्येक गुणधर्माला कीफ्रेम देता येऊ लागली. खरी उलथापालथ झाली जुलै २०१९मध्ये, २.८० आवृत्तीने. निवड डाव्या बटणावर आली. पूर्वी शोधपट्टी उघडणारा स्पेसबार आता ॲनिमेशन चालवू लागला. वीस ठरावीक लेयर जाऊन कलेक्शन आले. जुने रेंडर इंजिन काढून टाकल्याने जुनी फाइल उघडली तरी तिचे रंग-पोत नव्याने जुळवावे लागत. जुन्या वापरकर्त्यांची कदर करून उजव्या बटणाचा पर्याय सेटिंगमध्ये राखला, हे शहाणपणाचे झाले. जी, आर, एस आणि आय तर जागचे हललेच नाहीत.

या आवृत्तीची मोठी देणगी म्हणजे ईव्ही हे रेंडर इंजिन. पूर्वी प्रकाश-सावलीचा अंदाज घेऊन एकेका फ्रेमसाठी वाट पाहावी लागे. आता काम करतानाच चित्र जवळजवळ अंतिम रूपात दिसू लागले. त्याच वेळी ब्लेंडरमधल्या ग्रीस पेन्सिल या रेखाटनाच्या साधनाला पूर्ण द्विमितीय ॲनिमेशनचे बळ मिळाले, त्यामुळे कागदावर फ्रेमामागून फ्रेम काढणाऱ्यांनाही इथे जागा झाली. जेरेमी क्लापाँ यांच्या 'आय लॉस्ट माय बॉडी' या फ्रेंच चित्रपटात ग्रीस पेन्सिल वापरली गेली. २०२४च्या ४.३ आवृत्तीत तिची अंतर्गत रचना पुन्हा नव्याने लिहिली गेली.

हातसवयी बदलल्या तरी कसब टिकते, याचे एक उदाहरण पाहा. लॅट्वियाचे गिंट्स झिल्बालोदिस यांनी 'अवे' हा चित्रपट एकट्याने माया या प्रोग्रॅमवर केला. त्यानंतर २०१९मध्ये ते ब्लेंडरकडे वळले आणि ईव्हीवर 'फ्लो' घडवला. माया आणि ब्लेंडर यांच्या सवयी वेगळ्या. पण कॅमेरा कुठून कुठे न्यायचा, प्राण्याने पाऊल टाकण्याआधी वजन कसे सावरायचे, हे ज्ञान कोणत्याही एका प्रोग्रॅमचे नसते. 'फ्लो'ला २०२५मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले.